कुकर फुटला, भरपाई कोणी द्यायची?

प्रतिनिधी, मुंबई

स्वयंपाकघरात प्रेशर कुकर फुटून कोणी भाजले, तर बहुधा नशिबाला दोष दिला जातो. दुकानदार फार तर कुकर बदलून देतो. कायदा मात्र याहून पुढे जातो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील 'उत्पादन दायित्वा'ची कलमे (८२ ते ८७) २० जुलै २०२० पासून लागू आहेत. त्यांनुसार वस्तूच्या निर्मितीत वा रचनेत दोष असल्यास, किंवा वापराच्या पुरेशा सूचना व धोक्याचे इशारे दिलेले नसल्यास, झालेल्या इजेची भरपाई उत्पादकाला द्यावी लागते. उत्पादक कोण हेच कळत नसेल, तर विक्रेता जबाबदार ठरतो. इजेसोबत होणारा मानसिक त्रासही भरपाईस पात्र आहे. वस्तूचा गैरवापर वा तीत फेरफार केलेला असल्यास मात्र विक्रेत्याविरुद्ध दावा करता येत नाही.

तक्रार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करावी; वस्तूची किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. दोष दाखवून देण्याचा भार तक्रारदारावर असतो. म्हणूनच फुटलेला कुकर भंगारात देऊ नये. पावती, छायाचित्रे आणि रुग्णालयाची कागदपत्रे यांच्यासह तो जपून ठेवावा. आयोगापुढे तोच मुख्य पुरावा असतो.