सीमा उघडण्याचा प्रश्न : न्यूझीलंडचे उदाहरण

साथीच्या काळात देशाची सीमा बंद करणे कठीण व ती पुन्हा उघडणे सोपे, असा सामान्य समज आहे. कोविडच्या साथीतील न्यूझीलंडचा अनुभव याच्या उलट आहे. त्याची कारणे प्रस्तुत टिपणात पाहावयाची आहेत.

१९ मार्च २०२० रोजी न्यूझीलंडने परकीयांना प्रवेश बंद केला. नागरिकांचा प्रवेशाचा हक्क मात्र कायम राहिला. एप्रिलपासून येणाऱ्यास चौदा दिवस सरकारी देखरेखीखालील हॉटेलात विलग राहणे आवश्यक ठरले. रोग आटोक्यात राहिला, आणि ऑक्टोबरच्या निवडणुकीत जॅसिंडा आर्डर्न यांच्या मजूर पक्षाने १२० पैकी ६५ जागा मिळविल्या. पुढील पेचाचे मूळ येथेच आहे. धोरणाचा लाभ देशातील बहुसंख्यांना होत होता. त्याची किंमत मुख्यतः परदेशी अडकलेले नागरिक मोजीत होते.

हक्क अबाधित होता. परंतु खोल्या मोजक्या होत्या. सप्टेंबर २०२१ पासून खोल्यांसाठीची रांग संगणकाद्वारे यदृच्छेने लावली जाऊ लागली. मरणासन्न पित्यास भेटू इच्छिणारा व केवळ सोयीसाठी येणारा, दोघेही या सोडतीत समान ठरले. निकडीच्या प्रसंगांसाठी वेगळी तरतूद होती, पण तिचे निकष कडक होते. क्रीडासंघांना राखीव खोल्या मिळत, याचाही रोष होता. पर्यटन, फळबागा व विद्यापीठे यांची निकड वेगळी, तथापि मागणी तीच होती. उलटपक्षी, सीमा उघडल्यास रुग्णालयांवर असह्य भार पडेल, ही भीतीही निराधार नव्हती.

२०२१ च्या अखेरीस मात्र युक्तिवादाचा पायाच ढळला. ऑकलंडमधील बाधित रुग्ण स्वतःच्या घरी विलग राहू लागले, आणि लस घेतलेला निरोगी प्रवासी मात्र हॉटेलातील खोलीची वाट पाहत राहिला.

२७ फेब्रुवारी २०२२ पासून टप्प्याटप्प्याने निर्बंध उठले व ३१ जुलै रोजी सीमा पूर्णतः खुली झाली. दरम्यान एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने निर्णय दिला. सक्तीचे विलगीकरण त्याने समर्थनीय मानले. परंतु व्यक्तीची गरज व तिला झालेला विलंब विचारात न घेणाऱ्या सोडतीमुळे काही नागरिकांच्या हक्कावर असमर्थनीय मर्यादा पडली, असे ठरविले.

मराठीत 'सीमा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत : देशाची हद्द आणि मर्यादा. शासनाने पहिल्या अर्थाने सीमा राखली. न्यायालयाने त्यास दुसऱ्या अर्थाची आठवण दिली.