बांध सरकारचा, दंड गावकीचा

दुभंगलेली गावं : लेखांक ६

शिमग्यात पालखी घरोघर फिरते. उंबऱ्याशी टेकते, बायका ओटी भरतात, नारळ वाढवला जातो. एका घरापुढून मात्र ती न थांबता जाते. ढोल वाजतच असतो, आणि दारात ताट घेऊन उभी राहिलेली म्हातारी मुकाट्याने आत वळते. पेण-रोह्याकडच्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. ते घर वाळीत आहे. रोह्यात धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस सलामी देतात, इतका आपल्याकडे पालखीचा मान. ती दारावरून निघून जाण्याचा घावही तेवढाच खोल.

गेल्या आठवड्यात भावकीतल्या वाटण्यांबद्दल लिहिलं होतं. आज गावकीबद्दल, गावाच्या नावाने निर्णय घेऊन वाळीत टाकणाऱ्या बैठकीबद्दल.

वाळीत टाकलेल्या घराला दुकानदार माल देत नाही, गिरणीवाला दळण घेत नाही. लग्नाचं आवतण येत नाही, मयताला खांदा मिळत नाही. त्या घराशी जो बोलेल, त्याला दंड. कुणी हात उगारलेला नसतो, म्हणून पोलीस ठाण्यात नोंद कशाची करायची, हा प्रश्न वर्षानुवर्षं पडत आला. कारण विचारलं तर साधंच सांगतात : ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दुसऱ्याला मत दिलं, मुलाने जातीबाहेर लग्न केलं, वर्गणी दिली नाही, देवळाच्या जागेवरून कोर्टात गेला. ही निमित्तं झाली. मुळातला प्रश्न वेगळा आहे : गावाचा निर्णय कोणी घ्यायचा, आणि तो ज्याला पटला नाही त्याने काय करायचं?

गावकीकडे हा अधिकार आला कुठून, हे समजून घ्यायचं तर खारेपाटात जावं लागेल. पेणच्या पश्चिमेची भातशेती खाडीला बांध घालून मिळवलेली आहे. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडली की खारं पाणी एकाच्या शेतात थांबत नाही, सगळ्यांचं पीक जातं आणि पुढची काही वर्षं जमीन नीट पिकत नाही. अशा वेळी रात्री-अपरात्री घरटी एक माणूस चिखलात उतरलाच पाहिजे. जो येणार नाही त्याला दंड. त्या दंडात क्रूरपणा नव्हता, सगळ्यांच्या पोटाची काळजी होती. पुढे बांधांची जबाबदारी सरकारकडे जात राहिली, १९७९ मध्ये खारभूमी विकास कायदा आला. बांध गावकीच्या हातून सुटला, दंडाची सवय मात्र सुटली नाही. ज्या कामासाठी ती सत्ता होती ते काम गेलं आणि नुसती सत्ता मागे राहिली. आपल्याकडच्या वाळीतीचं मोठं मूळ मला इथे दिसतं.

म्हणून गावकी मोडून टाका, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून खोतांविरुद्ध जो संप केला, तो सहा-सात वर्षं टिकला. गावं एकमेकांना बांधलेली नसती तर ते शक्य नव्हतं. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी (सेझ) जमीन घेतली जात होती, तेव्हाही तेच दिसलं. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या पेण तालुक्यातल्या बावीस गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारला शेतकऱ्यांचं मत घ्यावं लागलं. बहुसंख्यांनी जमीन द्यायला विरोध नोंदवला आणि पुढे ते भूसंपादन बारगळलं. त्या दिवशी घडलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. लढा गावाचा होता, पण मत प्रत्येक खातेदाराने स्वतःचं दिलं. गावकीच्या बैठकीत नेमकं हेच घडत नाही. तिथे चार जण बोलतात आणि बाकीच्यांच्या गप्प बसण्याला एकमत म्हणतात.

त्या बैठकीत कोण नसतं, तेही पाहा. बहुतेक गावांत बायका नसतात. गावकी जातीची असते, त्यामुळे बौद्धवाडीला तिथे जागा नाही, आणि डोंगराकडेच्या कातकरी वाडीला तर कुणी कधी विचारलंच नाही.

२०१३-१४ च्या सुमारास रायगड जिल्ह्यातून वाळीतीच्या तक्रारी एकामागोमाग पुढे आल्या. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी जातपंचायतींविरुद्ध मोहीम चालवली. १३ एप्रिल २०१६ रोजी विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा मंजूर केला, तो जुलै २०१७ मध्ये लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पीडिताला पोलिसांकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. हा कायदा हवाच होता. पण गुन्हा दाखल झाल्यावरही दोन्ही घरं त्याच आळीत राहतात. किराणा मिळायला लागतो, बोलणं मात्र सुरू होत नाही. २००७ पासूनच्या तंटामुक्त गाव मोहिमेने खूप वाद गावातच मिटवले. तरी बक्षिसासाठी दुबळ्याला तक्रार मागे घ्यायला लावली, तर तो वाद मिटत नाही, दबतो.

वाद मिटवणं आणि वाद ज्यातून उपजतो ते नातं बदलणं, ही दोन वेगळी कामं आहेत. अमेरिकन अभ्यासक जॉन पॉल लेडेराक यांनी हा फरक आग्रहाने मांडला. आपल्याकडे त्याचं उदाहरण गडचिरोलीतल्या मेंढा-लेखात आहे. तिथली ग्रामसभा सर्वसहमतीने चालते : बायका बसतात, आणि एखाद्याला पटलं नाही तर निर्णय थांबतो, माणूस बाहेर काढला जात नाही. पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेले विनोबा ग्रामदानी गावांसाठी हीच सर्वसंमती मागत होते. शब्द एकच, एकमत. एक भीतीने येतं, एक ऐकून घेतल्याने.

आपल्या गावाला मेंढा-लेखाएवढी मोठी उडी लगेच जमेल असं नाही. एक पायरी मात्र कायद्याने आधीच बांधून ठेवली आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेणं बंधनकारक आहे. पुढच्या ग्रामसभेआधी आपल्या पंचायतीच्या फलकावर तिची नोटीस लागते का, ते बघा. लागली नाही तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याला विचारा. आणि लागली, तर त्या वाळीत टाकलेल्या घरातल्या बाईला सोबत घेऊन जा.