चौथ्या दिवशी गेलेले ठिपके

"काका, लसणाने काम केलं! एकही ठिपका राहिला नाही!" खालच्या मजल्यावरचा अकरावीतला मुलगा जिन्यातूनच ओरडत वर आला. आठवड्यापूर्वी त्याच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतला पावडर ब्लू टँग खडकाला अंग घासू लागला होता. मग अंगावर मीठ भुरभुरावं तसे पांढरे ठिपके उमटले. दुकानदाराने दोन उपाय सांगितले: खाद्य लसणाच्या रसात भिजवून द्या, आणि एक क्लीनर रॅस घेऊन जा, तो अंगावरचे किडे वेचून खातो. पोराने दोन्ही केलं आणि चौथ्या दिवशी मासा लख्ख. मी म्हटलं, पेढे दोन आठवड्यांनी वाट. सोळाव्या दिवशी टँग, क्लाऊनफिशची जोडी आणि खुद्द तो 'डॉक्टर' रॅस, सगळेच ठिपक्यांनी भरले होते.

यात लसणाचा दोष नाही. दोष कॅलेंडरचा आहे.

हे ठिपके म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स नावाचा एकपेशीय परजीवी. शाळेत आकृती काढलेल्या पॅरामेशियमचा हा दूरचा भाऊबंद. तो माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली शिरतो आणि तीन ते सात दिवस तिथे खातपीत फुगतो. आपल्याला दिसतो तो ठिपका हाच. पोट भरलं की तो आपणहून मासा सोडतो, तळाशी पडतो, भोवती कवच करतो आणि आत विभागत राहतो. अशा एका कवचातून शे-दोनशे पिल्लं बाहेर पडू शकतात. म्हणजे चौथ्या दिवशी ठिपके जायचेच होते. लसूण द्या, कांदा द्या, नाहीतर टाकीपुढे बसून रामरक्षा म्हणा. बाजारात याच आजाराच्या 'हमखास' बाटल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच बाटल्यांचा हमखासपणा या चार दिवसांवर उभा आहे, असं माझं मत आहे.

जुन्या चाळीत ज्यांनी ढेकणांशी दोन हात केलेत त्यांना हे पटकन कळेल. गादी उन्हात टाकली की वाटतं, सुटलो. पण खरा कारभार खाटेच्या सांध्यांत चाललेला असतो. क्रिप्टोकॅरिऑनही ढेकणासारखाच अंधाराचा सोबती. मासा सोडायचा तो अंधारात, आणि कवच फोडून पिल्लं बाहेर पडतात तीही बहुतेक पहाटे. कारण मोठं सुंदर आहे. प्रवाळाच्या रांगांमधले कित्येक मासे रात्री खडकाच्या कपारीत, तळाशी, न हलता झोपतात. पिल्लांच्या हाती जेमतेम एक-दोन दिवस असतात, तेवढ्यात मासा सापडला नाही तर ती मरतात. म्हणून मासा झोपलेला असताना, त्याच्या उशाशीच जन्म घ्यायचा! अथांग समुद्रात तरीही बहुतेक पिल्लं वाया जातात. दोनशे लिटरच्या टाकीत मात्र माशाला पळायला जागाच नसते.

'डॉक्टर' रॅसचंही खरं-खोटं करू. समुद्रात हा मासा सफाई केंद्र चालवतो आणि दिवसाला हजारावर परजीवी खातो, हे मोजलेलं आहे. पण ते बाहेरून चिकटलेले, डोळ्यांना दिसणारे कवचधारी किडे. कातडीखाली दडलेला क्रिप्टोकॅरिऑन त्याला उपटता येत नाही. टाकीत हा बिचारा बहुतेकदा उपासमारीनेच जातो, तेव्हा विकत घेऊच नये. त्याची हुशारी मात्र जगप्रसिद्ध आहे. २०१९ मध्ये जपानच्या मासानोरी कोहदा यांच्या गटाने रॅसच्या गळ्याखाली कातडीत टोचून तपकिरी ठिपका उमटवला आणि त्याच्यापुढे आरसा ठेवला. चारपैकी तीन माशांनी आरशात पाहून मग गळा तळाला घासला. मासा स्वतःला ओळखतो, असे मथळे झळकले. आरशाची ही चाचणी १९७० मध्ये चिंपांझींवर प्रथम करणारे गॉर्डन गॅलप मात्र मानेनात. ठिपका दिसला की घासायचं, ही या माशाची सवयच, असा त्यांचा सूर. वाद अजून मिटलेला नाही. एवढं खरं की 'अंग घासणं' या साध्या हालचालीवर दोन प्रयोगशाळा भांडू शकतात, मग दुकानदाराने पाच सेकंदांत निदान का करावं?

आता माझा आवडता, फारसा कुणाला ठाऊक नसलेला माणूस. खाऱ्या टाकीतले मासे मारणारे दोन सर्वांत कुप्रसिद्ध परजीवी आहेत, आणि दोघांच्याही शास्त्रीय नावांपुढे एकच आडनाव येतं: ब्राऊन. ई. एम. ब्राऊन यांनी १९३१ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांतल्या पहिल्याचं वर्णन छापलं, आणि १९५१ मध्ये क्रिप्टोकॅरिऑनला नाव दिलं. जपानच्या सिकामा यांनी हाच ठिपक्यांचा आजार १९३७ मध्येच नोंदवला होता, पण त्यांनी नाव दिलं ते १९६१ मध्ये. तोवर ब्राऊन यांचं नाव पक्कं झालं होतं. नामकरणाच्या रांगेत जो आधी छापतो तो जिंकतो. आज जगभरचे हौशी या दोन्ही आजारांवर रात्ररात्र वाद घालतात, पण ना ब्राऊन यांचं नाव घेतात, ना सिकामांचं.

ब्राऊन यांचा तो पहिला परजीवी, अमायलोऊडिनियम, जास्त भयंकर. कोकणच्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या उजळतात, त्या उजळवणाऱ्या नॉक्टिल्युकाच्या गोतातला हा. पण याने धंदा वेगळा धरला. तो आधी कल्ल्यांत मुळं रोवतो. अंगावर सोनेरी धुरळा दिसेपर्यंत अनेकदा मासा गेलेला असतो, कधीकधी दोन-चार दिवसांतच. इथे ठिपके शोधत बसलात तर हरलात. हाती असतं ते फक्त वागणं: मासा पंपाच्या धारेत तोंड खुपसून उभा राहतो, उजेड टाळतो, आवडतं खाद्यही नाकारतो, आणि कल्ल्यांची झाकणं भराभर उघडझाप करतात.

कल्ल्यांचं दुखणं एवढं जिवावर का बेतावं? कारण खाऱ्या पाण्यातल्या माशाचा कल्ला दोन नोकऱ्या करतो. या माशाच्या रक्तातला खारेपणा समुद्राच्या साधारण तिसरा हिस्सा, त्यामुळे त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. समुद्रात राहून तो कायम तहानलेला! म्हणून तो समुद्र पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. होमर स्मिथ यांनी हे १९३० मध्ये मांडलं. मीठ टाकणाऱ्या खास पेशी १९३२ मध्ये ईल माशाच्या कल्ल्यांत दाखवल्या त्या अ‍ॅन्सेल कीज आणि त्यांचे सहकारी विल्मर यांनी. होय, तेच कीज, ज्यांनी पुढे लोणी आणि हृदयविकाराची सांगड घालून आपल्या ताटातल्या तुपाकडे संशयाने पाहायला लावलं. तर कल्ला बिघडला की श्वास आणि मिठाचा हिशोब, दोन्ही एकदम कोलमडतात.

पण धापा टाकणारा प्रत्येक मासा आजारी नसतो. टाकीतले सगळेच मासे एकदम पृष्ठभागाशी आले, तर आधी संशय पाण्यावर घ्यायचा. त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यापेक्षा खाऱ्या पाण्यात प्राणवायू सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी मावतो. वीज गेली, पंप थांबला की तासा-दोन तासांत हा फरक कळतो. शंभर रुपयांच्या औषधापेक्षा सेलवर चालणारा हवेचा पंप घरात असावा तो यासाठी. खडकामागे एखादी गोगलगाय मरून अमोनिया वाढला असेल, तर त्याचा विषारी भाग आठच्या वरच्या सामूत, म्हणजे खाऱ्या टाकीत, गोड्या टाकीपेक्षा कितीतरी जास्त असतो. तेव्हा पहिलं काम तपासणी, आणि अमोनिया निघाला तर पाणी बदलणं. एकच मासा वेगळा वागतोय, बाकीचे मजेत आहेत, तर मग त्या माशाकडे, किंवा त्याला छळणाऱ्या शेजाऱ्याकडे पाहायचं.

आणि काही वेळा काहीच करायचं नसतं. आमच्या पोराने एकदा घाबरून व्हिडिओ दाखवला: छोट्या क्लाऊनफिशला झटके येत होते. झटके कसले, मुजरा होता तो. क्लाऊनफिशच्या घरात सर्वांत मोठी ती मादी. ती गेली की नरच मादी होतो, हे हान्स आणि सिमोन फ्रिके यांनी १९७७ मध्ये दाखवलं. धाकट्याने थरथरून 'तूच थोरली' म्हणायचं, ही त्या घरची रीत. रात्री आडवा होऊन तरंगणारा क्लाऊनफिशही मेलेला नसतो. कित्येक रॅस जातीचे मासे संध्याकाळी वाळूत गडप होतात आणि सकाळी हजर होतात. दिवा लावून त्यांना उकरू नका.

ठिपक्यांवर खरा इलाज कंटाळवाणा आहे. मासे वेगळ्या, उघड्याबोडक्या टाकीत हलवायचे. वाळू-खडक तांबं शोषून घेतात, म्हणून लपायला फक्त पीव्हीसी पाइपचे तुकडे. तिथे तांब्याचं औषध द्यायचं आणि प्रमाण रोज मोजायचं, कारण कमी पडलं तर उपयोग नाही आणि जास्त झालं तर मासाच मरतो. मुख्य टाकीत तांबं चुकूनही नको, नाहीतर कोळंब्या आणि गोगलगाई जातील. ती टाकी माशांविना ठेवायची. किती दिवस? कवचातून पिल्लं निघायला बहुतेकदा काही दिवस ते महिना लागतो, पण ७२ दिवसांची नोंदही आहे. म्हणून सावध लोक ७६ दिवस मोजतात.

ज्यांच्या घरी अशी टाकी आहे त्यांनी आज संध्याकाळी, सगळं ठीक असताना, प्रत्येक माशाच्या कल्ल्यांची मिनिटातली उघडझाप मोजून वहीत लिहून ठेवावी. आजारी दिवशी तुलनेला दुसरं काही हाती नसतं. आमच्या पोराने ती वही आता केली आहे. रॅस वाचला नाही, टँग आणि क्लाऊनची जोडी वाचली. खालच्या मोठ्या टाकीत सध्या तीन कोळंब्या आणि थोड्या गोगलगाई आहेत, आणि आज एकेचाळिसावा दिवस आहे.