‘बाहुबली’चा महाल, ‘मिस्टर इंडिया’ची राइड… गाजलेली गोष्ट थीम पार्कात चालतेच का? उदगीरच्या सहलीच्या निमित्ताने समजून घ्या

उदगीर : बीदरमार्गे हैदराबाद दोनशे किलोमीटरच्या थोडं पुढे, तर पुणे जवळपास त्याच्या दुप्पट. १९५६ पर्यंत उदगीर बीदर जिल्ह्यातच होतं, त्यामुळे इथल्या माणसाला हैदराबाद परकं कधी वाटलंच नाही. बाजार असो, दवाखाना असो की मुलांची सहल, नजर आधी तिकडेच वळते. आणि सहल म्हटलं की रामोजी फिल्म सिटी, आणि रामोजी म्हटलं की गेल्या काही वर्षांत ‘बाहुबली’.

१९९६ मध्ये उभी राहिलेली ही फिल्म सिटी हैदराबादच्या पलीकडच्या अंगाला, विजयवाड्याच्या रस्त्यावर आहे. म्हणजे उदगीरहून निघालेली बस शहर ओलांडून आणखी पुढे जाते. रात्रभराचा प्रवास, हातात जेमतेम एक दिवस आणि प्रत्येक पालकाने भरलेले पैसे. पालक पैसे भरतात ते बऱ्याचदा एका नावासाठी. ‘बाहुबलीचा महाल बघायला मिळणार’ हे वाक्य घरी मुलाने दहा वेळा म्हटलेलं असतं.

तर प्रश्न असा : पडद्यावर गाजलेली गोष्ट प्रत्यक्ष पार्कात तशीच रंगते का?

थोडक्यात उत्तर : गोष्ट किती गाजली यावर ते ठरत नाही. त्या गोष्टीत आपल्याला शिरता येईल अशी जागा आहे का, आणि शिरल्यावर आपल्याला काही करता येतं का, या दोन गोष्टींवर ठरतं. नायक कितीही लाडका असला तरी पार्कात तो आपल्या शेजारी येऊन बसत नाही.

महिष्मतीत काय आहे, काय नाही

एस. एस. राजामौली यांच्या ‘बाहुबली’चा पहिला भाग जुलै २०१५ मध्ये आला, दुसरा एप्रिल २०१७ मध्ये. दहा वर्षांनी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, दोन्ही भाग जोडून ‘बाहुबली : द एपिक’ पुन्हा चित्रपटगृहांत लागला. इतक्या दिवसांनी इतकी ओढ टिकवणारं भारतीय काल्पनिक जग दुसरं पटकन आठवणार नाही. कला दिग्दर्शक साबू सिरिल यांनी महिष्मतीचा सेट रामोजीतच उभारला होता आणि शूटिंग संपल्यावर तो पर्यटकांसाठी खुला झाला.

जागेच्या परीक्षेत महिष्मती पैकीच्या पैकी गुण घेते. राजवाड्याचं प्रांगण, हत्तींचे भव्य पुतळे, सिंहासन. मूल त्या कमानीतून आत शिरतं आणि ‘हे तेच’ म्हणतं. हा क्षण खरा असतो, त्याला नावं ठेवायचं कारण नाही.

अडचण पाचव्या मिनिटाला सुरू होते. ‘बाहुबली’तलं मुलांच्या डोक्यात बसलेलं दृश्य कोणतं? शिवा धबधबा चढतो ते. ताडाची झाडं वाकवून सैनिक किल्ल्यावर झेपावतात ते. यातलं बरंचसं संगणकावर घडलंय. धबधब्याचं मूळ चित्रण केरळच्या अतिरप्पिळ्ळीचं आणि त्यावर व्हीएफएक्सची उंची चढवलेली. सेटवर उरतं ते कलाकारांच्या पायाखालची फरशी आणि पाठीमागची भिंत. म्हणजे आठवणीत राहिलेला सिनेमा एकीकडे आणि बघायला मिळालेला सेट दुसरीकडे.

शिवाय सेट आणि पार्कातली वास्तू या बांधकामाच्या दृष्टीनेच दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेट कॅमेऱ्यासाठी असतो. कॅमेरा जिथून बघणार नाही ती बाजू बांधायची गरज नसते आणि शेड्यूल संपेपर्यंत टिकला की त्याचं काम झालं. पार्कातली भिंत सगळ्या बाजूंनी बघितली जाते, रोज हजारो हात तिला लागतात आणि तिला दहा पावसाळे काढायचे असतात. त्यामुळे सेटवर बहुतेक ठिकाणी माणसाला बघायचं आणि फोटो काढायचा, एवढंच काम उरतं. धबधबा चढायचं काम कुणालाच मिळत नाही.

मोगॅम्बो आणि रांगेचं गणित

महाराष्ट्रात या प्रश्नाचं सर्वांत स्पष्ट उदाहरण खोपोली-पाली रस्त्यावर आहे. मनमोहन शेट्टी यांच्या अ‍ॅडलॅब्सने एप्रिल २०१३ मध्ये ‘इमॅजिका’ सुरू केलं (२०२२ पासून ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे). तिथे ‘मिस्टर इंडिया’वर आधारित राइड आहे. मोशन सिम्युलेटर म्हणजे समोर पडदा, खाली हलणारी आसनं आणि चित्राच्या हालचालीबरोबर बसणारे झटके. आपण जागचे फारसे हलत नाही, पण कान आणि डोळे मेंदूला पटवतात की आपण उडतोय.

शेखर कपूर यांचा ‘मिस्टर इंडिया’ १९८७ चा. पार्क उघडला तेव्हा तो पाहिलेली पिढी आईबाप झाली होती, त्यामुळे निवड चुकीची म्हणता येणार नाही. मात्र आज बारा वर्षांच्या मुलाला मोगॅम्बो माहीत असतो तो बाबांच्या तोंडून किंवा मीममधून. फ्रँचायझीची ही पहिली जोखीम : राइड पंधरा-वीस वर्षं चालवायची असते, आणि सिनेमाला पुढचे भाग नसतील तर ओळख पुसट होत जाते.

दुसरी गंमत नायकाची आहे. तो अदृश्य! न दिसणाऱ्या माणसाची राइड दाखवायची कशी? खरं तर सिनेमातच त्याचं उत्तर होतं. लाल काचेतून मिस्टर इंडिया दिसतो. प्रत्येक मुलाच्या हातात लाल प्लास्टिकचा तुकडा देऊन अंधाऱ्या वाड्यात सोडलं असतं आणि ‘शोधा’ म्हटलं असतं, तर ते कुठल्याही सिम्युलेटरपेक्षा स्वस्त पडलं असतं आणि त्या गोष्टीला अधिक शोभलं असतं. गोष्टीने पाहुण्याला काम देणं म्हणजे हेच.

याच इमॅजिकात ‘राजासॉरस रिव्हर अ‍ॅडव्हेंचर’ आहे. राजासॉरस हा नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेला खराखुरा भारतीय डायनासोर, २००३ मध्ये शास्त्रीय नाव मिळालेला. त्याला ना सिनेमा, ना पुस्तक. तरी बोट, पाणी आणि अंगावर येणारा मोठा प्राणी एवढी गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

आता रांग. सहलीला जाणाऱ्यांनी हे गणित जरूर करावं. समजा एका सिम्युलेटरमध्ये १६ जण बसतात आणि बसणं, पट्टे लावणं, शो, उतरणं मिळून चार मिनिटांची फेरी होते. तासाला १५ फेऱ्या, म्हणजे २४० माणसं. याउलट रुळावरची राइड असेल, प्रत्येक गाडीत ८ जण आणि दर २० सेकंदांनी एक गाडी सुटत असेल, तर तासाला १,४४० माणसं. सहापट. सुट्टीच्या दिवशी पुढे चारशे मुलं उभी असतील तर पहिल्या ठिकाणी पावणेदोन तास जातात, दुसऱ्या ठिकाणी पंधरा-वीस मिनिटं.

गोष्टीच्या जातीचा आणि या गणिताचा थेट संबंध आहे. संवाद, खलनायक, सुटका असं सगळं सांगायचं तर प्रेक्षकांना एकत्र बसवून शो करावा लागतो आणि रांग तुंबते. जी गोष्ट नुसत्या जागेतून कळते, तिथे माणसं सतत पुढे सरकत राहतात. महिष्मती इथे बाजी मारते. चालत बघायची जागा असल्यामुळे पन्नास मुलांची बस एकदमच आत जाते, कुणी मागे राहत नाही. एकाच दिवसात परतायचं असेल तर ही काही छोटी गोष्ट नाही.

नायक विसरला तरी चालतं

अमेरिकेतल्या ऑरलँडोत जून २०१० मध्ये हॅरी पॉटरचं जग उघडलं. तिथे हॅरी भेटणं महत्त्वाचं नसतं. हॉग्समीड गावात चालता येतं, पुस्तकात वाचलेली बटरबिअर पिता येते, छडी विकत घेऊन फिरवली की दुकानाच्या खिडकीतली वस्तू हलते. जागाही आहे आणि कामही.

त्याहून बोलकं उदाहरण ‘अवतार’चं. पहिला सिनेमा २००९ चा, दुसरा थेट २०२२ चा. मधल्या काळात नायकाचं नाव किती जणांच्या लक्षात होतं, हा विनोदाचा विषय झाला होता. तरी डिस्नेने २०१७ मध्ये ‘पँडोरा’ उभारलं आणि त्याच्या राइडपुढे तासन् तास रांगा लागल्या. लोकांना पात्रं नको होती. तरंगते डोंगर आणि उडणारा प्राणी हवा होता. उलटा प्रवासही झालाय : ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ ही १९६७ ची राइड, सिनेमा आला २००३ मध्ये.

आणि आपटलेलं उदाहरण? ‘स्टार वॉर्स’. फ्रँचायझी म्हणून याहून मोठं नाव शोधावं लागेल. डिस्नेने मार्च २०२२ मध्ये त्यावर दोन रात्रींचं ‘गॅलॅक्टिक स्टारक्रूझर’ हॉटेल काढलं, जिथे पाहुणाच गोष्टीतलं पात्र बनतो. दोघांचा खर्च सुमारे ४,८०० डॉलर. सप्टेंबर २०२३ मध्ये ते बंद झालं. जागा होती, काम तर भरपूर होतं, पण दोन दिवस सलग नाटक करायला तयार असलेला आणि तेवढे पैसे मोजणारा माणूस पुरेसा नव्हता.

जपानचं जिब्ली पार्क मात्र वेगळ्याच वाटेने गेलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये उघडलेल्या या पार्कात मोठ्या राइड नाहीतच. ‘माय नेबर टोटोरो’मधल्या दोन बहिणींचं घर आहे, त्यात जाऊन कपाटं आणि खण उघडून बघायचे. बस, इतकंच. ज्या सिनेमात घर आणि परसदार हीच मोठी पात्रं आहेत, त्याला हेच शोभतं. तिथे रोलर कोस्टर टाकला असता तर हसू झालं असतं.

मराठीत कोण?

मराठीत हा प्रश्न विचारला की पहिलं नाव येतं फास्टर फेणेचं. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा बनेश फेणे पुस्तकांतून दूरदर्शनवर आला आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये आदित्य सरपोतदार यांच्या सिनेमातही, जिथे अमेय वाघ फाफे झाला. निर्मितीत लातूरच्याच रितेश देशमुख यांची कंपनी होती. सिनेमातलं रहस्य वैद्यकीय प्रवेश परीक्षेतल्या गैरप्रकाराचं. ‘लातूर पॅटर्न’च्या मुलखात हे कुणाला समजावून सांगायला नको.

पण फाफेची राइड करावी का? जागेच्या परीक्षेत तो अडतो. त्याची स्वतःची अशी काल्पनिक नगरी नाही. तो पुण्यात सायकल दामटतो आणि तिथून जिथे रहस्य नेईल तिथे पोचतो. पुण्याच्या गल्लीची फायबरची नक्कल खोपोलीत बघायला कोण पैसे देईल? सिम्युलेटरवर बसवलेली सायकल तर फाफेचा अपमानच. सायकलला पाय लागतात.

कामाच्या परीक्षेत मात्र तो पहिला येतो. धावायचं, खुणा शोधायच्या, दोन आणि दोन जोडायचे आणि मोठ्यांच्या आधी चोर ओळखायचा. ही गोष्ट खऱ्या जागेत खेळायची आहे. भागवतांनी त्याला प्रतापगडावर पाठवून झालंच आहे; त्या नावाचं पुस्तकच आहे.

मग उदगीरचा किल्ला?

इथे जरा जपून बोलायला हवं. आशुतोष गोवारीकर यांचा ‘पानिपत’ (२०१९) सुरू होतो तोच उदगीरवर. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामावर मिळवलेला विजय, आणि पुढच्या वर्षी संक्रांतीला पानिपत. पण ही फ्रँचायझी नव्हे, इतिहास आहे. मुलांना मराठे आणि निजाम अशा दोन टोळ्यांत वाटून झुंजवायचा खेळ करणं सोपं आहे आणि म्हणूनच टाळायला हवं. त्याच किल्ल्यात उदयगीर महाराजांचं स्थान आहे, फारसी शिलालेख आहेत. एका बाजूची गोष्ट सांगून तो संपत नाही.

काल्पनिक गुप्तहेर खऱ्या किल्ल्यात आणणं हे वेगळं. २०२२ मध्ये ९५ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगीरला भरलं, त्याचे अध्यक्ष होते भारत सासणे. मुलांसाठी रहस्य लिहू शकणारी माणसं मराठीत आहेत. त्यासाठी पुतळे नकोत, पडदे नकोत. पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय संरक्षित वास्तूत भिंतीला काही ठोकता येत नाही, त्यामुळे खुणा कागदावर आणि मुलांच्या हातातच हव्यात : अमुक कमानीवरचं नक्षीकाम मोजा, तमुक शिलालेखातलं अक्षर शोधा. खर्च करायचाच तर खंदकाच्या कडेला कठडा, पिण्याचं पाणी आणि मुलींसाठी स्वच्छतागृह यांवर.

गणितही जमतं. पन्नास मुलांच्या दहा-दहांच्या पाच टोळ्या, दहा मिनिटांच्या अंतराने सोडलेल्या. आठ ठिकाणं, प्रत्येकी दहा मिनिटं. शेवटची टोळी चाळिसाव्या मिनिटाला निघाली तरी दोन तासांत सगळी मुलं दरवाजापाशी परत, आणि मधल्या वेळात कुणीही रांगेत उभं नाही.