मोत्याची शिकवणी

टेंभुर्णी म्हटलं, की बहुतेकांना सोलापूर-पुणे रस्त्यावरची टेंभुर्णी आठवते. माझी टेंभुर्णी जालना जिल्ह्यातली, जाफराबाद तालुक्यातली. १९९३ साली बँकेनं तिथं बदली केली आणि आई, बायको व सात वर्षांच्या मुलीसह मी बिऱ्हाड हलवलं. संध्याकाळी दिवसाचा हिशेब जुळला, की पुढं करायचं काय, हा प्रश्न होता. त्याचं उत्तर चार पायांवर घरात आलं.

त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईत बॉम्बस्फोट झाले होते. पोलिसांच्या झंजीर या सोनेरी लॅब्रडॉरनं तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून दिलं आणि त्याचं नाव घरोघरी पोचलं. पुण्याला गुन्हे अन्वेषण विभागाच्या केंद्रात तो शिकला होता. मग आपणही कुत्रा शिकवावा, असं माझ्या मनानं घेतलं. एका शेतकऱ्याकडं कारवानी जातीची पिल्लं होती. तो खातेदार, फुकट घेणं बरं दिसेना, म्हणून पन्नास रुपये त्याच्या हातावर ठेवून मोत्याला आणलं.

पहाटे पाच ते सात माळावर, संध्याकाळी पुन्हा दोन तास आणि रविवार तर सगळाच मोत्याचा! बसणं, थांबणं, हाकेला येणं हे तो पटकन शिकला. पण मला हवा होता माग काढणारा कुत्रा. मी रुमाल लपवायचो, मोत्या नाक खाली घालण्याऐवजी मान वर करून क्षितिजाकडं बघत राहायचा. तो चुकतोय असं वाटून मी वेळ आणखी वाढवायचो. दरम्यान दळण, भाजी, आईची औषधं, मुलीचा अभ्यास हे सारं बायको एकटी ओढत होती. मला ते दिसत नव्हतं, असं म्हणणं खोटं ठरेल. दिसत होतं, पण 'पुढच्या महिन्यात मोत्या तयार होईल, मग बघू,' असं मी स्वतःला सांगत होतो. थकलेल्या कर्जदाराचं हे बोलणं मी काउंटरपलीकडून अनेकदा ऐकलं होतं.

पुढच्या पावसाळ्यातला एक रविवार. माळावरून दुपारी परतलो, तर ओसरीवर आई एकटीच. "अरे, पोरीला सकाळपासून फणफणून ताप. ती जीपनं जाफराबादला घेऊन गेली. तुला शोधायला पोरं धाडली होती, तू कुठल्या माळावर होतास कोण जाणे!" मी मोत्याची साखळी हातात धरून तसाच उभा राहिलो. जायला वाहन मिळेना. दिवेलागणीला दोघी आल्या. मलेरिया निघाला होता, औषध सुरू झालं होतं. बायकोनं भांडण केलं नाही. मला ताट वाढलं आणि म्हणाली, "अहो, मोत्या तुमच्या एका हाकेला येतो. आम्ही हाक मारली तर तुम्ही येता का?"

त्या रात्री मी ठरवलं, कुत्रा परत देऊन टाकायचा. सकाळी सर्वांत मोठ्यानं रडली ती अंथरुणातली मुलगीच.

पुढं जालन्याला एका निवृत्त पोलीस श्वानप्रशिक्षकाची गाठ पडली. माझं वेळापत्रक ऐकून ते हसले. म्हणाले, "साहेब, दोन तास तर माणूसही शिकत नाही. दहा-दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, आणि कुत्र्याचं मन असताना थांबायचं." दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती जातीची. कारवानी हा डोळ्यांनी सावज हेरून धावणारा कुत्रा. लांब पाय, खोल छाती, सडपातळ अंग हे सारं वेगासाठी. लॅब्रडॉरसारखं नाकाचं काम त्याच्याकडून करून घेणं म्हणजे शर्यतीच्या बैलाला घाण्याला जुंपणं. सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंद झालेली. तेव्हा त्याला नुसतं मोकळं पळू द्यावं, हेच बरं. तिसरं त्यांनी विचारलं, "घरात हुकूम कोण कोणते शब्द वापरून देतं?"

इथं मी अडकलो. मी 'सिट' म्हणायचो, बायको 'बस', आई 'बस मेल्या खाली' आणि मुलगी 'मोत्या, बस ना रे!' एकाच गोष्टीला चार शब्द. बिचारा करणार काय? घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरल्याशिवाय कुत्रा शिकत नाही, असं ते म्हणाले. म्हणजे जे काम मी घरापासून दूर, माळावर नेऊन करत होतो, ते मुळात घरात बसूनच करायचं होतं!

'बस' हा शब्द एकमतानं मंजूर झाला. सकाळची दहा मिनिटं माझी, शाळेनंतरची दहा मुलीची. संध्याकाळी मोत्याला पळवायला आम्ही तिघं मिळून जायचो. आईनं मात्र 'मेल्या' सोडलं नाही. रविवारची सकाळ घराची, हे बायकोनं ठरवलं आणि मी मोडलं नाही.

पोलीस पथकातला माणूस कुत्र्यासाठी जो वेळ देतो, ती त्याची नोकरी असते. त्याच्याही घरच्यांना झळ बसतेच, पण महिन्याला पगार येतो. छंद करणारा जो वेळ खर्चतो, तो थेट घरच्यांच्या खात्यातून काढलेला असतो, आणि बहुधा त्यांची सही न घेता. मग तो छंद कुत्र्याचा असो, भजनी मंडळाचा की क्रिकेटचा. छंद सोडावा, असं मी म्हणणार नाही. मोत्या गेला असता, तर माझ्या मुलीचं बालपण तेवढं कोरडं राहिलं असतं. पण सही घ्यावी, आणि जमेल तिथं घरच्यांना भागीदार करावं.

मोत्या तेरा वर्षं जगला. दोन बदल्यांत आमच्याबरोबर फिरला. रुमाल त्यानं शेवटपर्यंत एकदाही शोधला नाही. मुलगी आता स्वतः आई झाली आहे. तिच्या घरीही कुत्रा आहे आणि त्याला 'बस' हाच शब्द कळतो.

मी हल्ली पहाटे उठून कादंबरी लिहितो. हाही तसाच वेळखाऊ छंद. स्वयंपाकघरातून हाक येते. पहिल्या हाकेला दर वेळी उठतोच, असं नाही. दुसरीला मात्र लेखणी खाली ठेवतो.