मोटारीच्या पत्र्यातून आलेली रेघ

ग्राफिक डिझाइन शिकायचं ठरवलं, की पहिला प्रश्न खिशाचा येतो. कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं आणि ते केवढ्याला पडणार? प्रश्न रास्तच आहे. पण उत्तर शोधायला निघालं, की भलतंच गुपित हाती लागतं. महागडी सॉफ्टवेअरं ज्या गणितावर उभी आहेत, तेच गणित फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही जसंच्या तसं आहे!

खोटं वाटतं? मग पेन टूल घ्या. पडद्यावर एक बिंदू ठेवा, जरा लांब दुसरा ठेवा आणि माउस न सोडता ओढा. बिंदूतून दोन बारीक दांड्या फुटतात. दांडी हलवली, की रेघ लवते, फुगते, मुरडते. इतकी आज्ञाधारक रेघ आली कुठून?

फ्रान्समधल्या मोटार कंपन्यांतून. गाडीच्या पत्र्याची गोलाई शब्दांत सांगता येत नाही, आणि अंदाजाने काढली तर दर वेळी थोडी बदलते. ती आकड्यांत बांधायची कशी? १९५९ च्या सुमारास सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेलजो या गणितज्ञाने त्याची युक्ती शोधली. कंपनीने ती कडीकुलपात ठेवली. साठच्या दशकात रेनो कंपनीतल्या पिएर बेझिए या इंजिनिअरने स्वतंत्रपणे तशाच वक्ररेषा मांडल्या आणि त्या जगजाहीर केल्या. म्हणून आज नाव चालतं बेझिएचं.

कृती ऐकाल तर थक्क व्हाल. कागद आणि पट्टी घ्या. चार बिंदू काढून ओळीने जोडा, तीन रेषा झाल्या. प्रत्येकीच्या मध्यावर खूण करा आणि खुणा जोडा, दोन रेषा झाल्या. त्यांचे मध्य जोडा, उरली एक. त्या एकीचा मध्य तुमच्या वक्ररेषेवर बसतो, आणि ती रेषा वक्राला नेमकी तिथेच स्पर्श करून जाते! सगळीकडे मध्याऐवजी एक तृतीयांशावर खुणा केल्यात, तर वक्रावरचा आणखी एक बिंदू मिळतो. साऱ्या रेषा सरळ, आणि त्यांतून निघाली मोटारीची गोलाई. तुम्ही आत्ता वाचताय ती अक्षरंसुद्धा असल्याच वक्रांनी आखलेली आहेत.

त्याहून मोठी गंमत म्हणजे या वक्राला अचूक वर्तुळ कधीच जमत नाही. मग सॉफ्टवेअर काय करतं? साधारणपणे चार वक्र एकमेकांना जोडून वर्तुळ उभं करतं. त्यातली चूक त्रिज्येच्या ०.०३ टक्क्यांहूनही कमी. दहा फूट व्यासाचं वर्तुळ छापलंत, तरी रेघ अर्धा मिलिमीटरसुद्धा ढळत नाही. फसवावं तर असं!

सॉफ्टवेअर निवडण्याची पहिली किल्ली इथेच आहे. चित्र लक्षात ठेवण्याचे संगणकाकडे दोन मार्ग आहेत. फोटो ठेवला जातो रांगोळीसारखा, रंगीत कणाशेजारी कण मांडून. हे कण म्हणजे पिक्सेल. दहा बाय चार फुटांचा फलक मासिकाच्या बारकाईने, म्हणजे इंचाला ३०० कण धरून भरायचा झाला, तर किती कण लागतील? ५१ कोटींहून जास्त! (फ्लेक्स लांबून बघायचा असल्याने प्रत्यक्षात त्याहून कितीतरी कमी कणांत काम भागतं.) दुसरा मार्ग वक्रांचा. लोगो वक्रांत ठेवला, की मूठभर आकडे पुरतात. व्हिजिटिंग कार्ड असो की दुकानाची पाटी, संगणक त्या आकड्यांवरून दर वेळी रेघ नव्याने आखून देतो. ती कधी फाटत नाही.

म्हणून किमतीआधी स्वतःला विचारा, मला काय बनवायचंय?

फोटो सुधारायचे असतील, तर गिंप. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये ते लिहायला घेतलं. त्याची बटणं आणि खिडक्या काढण्यासाठी त्यांना एक वेगळा हत्यारसंच करावा लागला. पुढे त्या संचावर लिनक्सचा नोम हा अख्खा डेस्कटॉप उभा राहिला! फोटोशॉपच्या पीएसडी फाइली अधूनमधून उघडायच्या असतील, तर ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपिया बघा. इव्हान कुचकीर या एका प्रोग्रामरने ते घडवलं. तुमचा फोटो कुठेही अपलोड होत नाही, सगळं काम तुमच्याच संगणकावर होतं.

लोगो, पाटी, चिन्हं काढायची असतील, तर २००३ पासून घडत आलेलं इंकस्केप घ्या. त्याची एसव्हीजी फाइल एकदा नोटपॅडमध्ये उघडून बघाच. आत चित्र नाही, चक्क मजकूर आहे! रंगाचा कोड बदलून सेव्ह करा, लाल वर्तुळ निळं होतं. तुमचं काम कोणत्याही कंपनीच्या कुलपात अडकत नाही. दरमहा भाड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हप्ता थांबला, की आपल्याच जुन्या फाइली बदलायची पंचाईत होते. स्वस्त-महागाचा हिशेब करताना हेही धरायला हवं.

हाताने चित्रं रंगवायची असतील तर क्रिता. पुस्तक, अंक, माहितीपत्रक लावायचं असेल तर स्क्राइबस. आणि संध्याकाळपर्यंत वाढदिवसाची पोस्ट हवी असेल तर कॅन्व्हा, तिथे आयते साचे मिळतात. याच कॅन्व्हाने २०२४ मध्ये ॲफिनिटी हे व्यावसायिक सॉफ्टवेअर विकत घेतलं आणि २०२५ मध्ये फुकट करून टाकलं.

आता आपली, मराठी माणसाची परीक्षा. नव्या सॉफ्टवेअरमध्ये एकच शब्द टाइप करा: विद्यार्थी. संगणकाच्या लेखी ही दहा चिन्हांची रांग आहे. पहिली वेलांटी रांगेत ‘व’च्या मागे उभी असते, पण दिसायला हवी ‘व’च्या आधी. ‘र’ आणि हलन्त ‘थ’च्या पुढे उभे, पण त्यांचा रफार होऊन तो वर, पार टोकाला जायला हवा. ‘द’ आणि ‘य’ यांचं जोडाक्षर व्हायला हवं. ही उलथापालथ कोण करतं? पडद्याआड बसलेला अक्षरजुळणीचा प्रोग्राम. हार्फबझ हे त्यातलं एक नावाजलेलं नाव, तेही फुकट आणि खुलं. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, सगळीकडे तेच राबतं. इंकस्केप आणि गिंप त्याच्याच जोरावर ही परीक्षा पास होतात. ॲफिनिटीच्या आधीच्या आवृत्त्या मात्र इथे नापास व्हायच्या, त्यामुळे नवी घेताना आधी हा शब्द टाइप करून बघा. स्क्राइबसची गोष्ट तर अजबच. ओमानमधल्या प्रोग्रामरांच्या एका गटाने अरबीसारख्या लिप्यांसाठी त्यात दुरुस्ती केली, आणि देवनागरीचीही वाट मोकळी झाली!

फॉन्टचंही तसंच. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडवलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट व्यवसायातही विनामूल्य वापरता येतात. टिरो देवनागरी मराठी या फॉन्टमध्ये तर ‘ल’ आणि ‘श’ खास मराठी वळणाचे मिळतात, हिंदी वळणाचे नव्हे.

डिझाइन झालं. फ्लेक्सवाला म्हणतो, “फाइल कर्व्ह करून पाठवा.” म्हणजे काय करायचं? अक्षरांचं अक्षरपण काढून टाकायचं आणि नुसत्या बेझिए रेघा ठेवायच्या. मग त्याच्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. इंकस्केपमध्ये ही आज्ञा एका क्लिकवर आहे. फक्त मूळ फाइलची प्रत आधी जपून ठेवा, कारण एकदा कर्व्ह झालेल्या मजकुरातलं शुद्धलेखन सुधारता येत नाही! फ्लेक्सवाला त्याच्या सॉफ्टवेअरची सीडीआर फाइल मागत असेल, तर पीडीएफ चालेल का ते विचारा. बहुतेक ठिकाणी चालते. ऑफसेटवर छापायचं असेल, तर छापखान्याच्या चार शायांची, म्हणजे सीएमवायकेची पीडीएफ लागते. ते काम स्क्राइबसकडे सोपवा.

तेव्हा आधी खर्चाचा विचार बाजूला ठेवा आणि एक खरं काम हाती घ्या, मामाच्या दुकानाची पाटी किंवा मंडळाचं पत्रक. त्यासाठी लागणारं एकच सॉफ्टवेअर उतरवून घ्या आणि पेन टूलशी दोस्ती होईपर्यंत ते बदलू नका. वाचलेल्या पैशातून दोन-तीन प्रकारच्या कागदांवर नमुने छापून घ्या. पडद्यावरचा रंग प्रकाशाचा असतो आणि कागदावरचा शाईचा. पडद्यावर झगमगणारं हिरवं-निळं कागदावर किती मावळतं, हे कितीही महाग सॉफ्टवेअर घेतलंत तरी नमुना हातात आल्याशिवाय कळायचं नाही.