गळाच्या काठीवरील रेशीम

गळाने मासे धरणे हा इंग्लंड-अमेरिकेतील जुना छंद. तेथील एखाद्या घरी आजोबांची पेटी उघडली, की वेळूच्या काठीबरोबर लाकडी रिळांवरचे रंगीत रेशीमही हाती येते. ते विकावे, वापरावे की टाकून द्यावे, असा प्रश्न वारसांना पडतो. जितके जुने तितके मोलाचे, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु दोऱ्याच्या बाबतीत तो पुरता खरा नाही.

ह्या रेशमाचे काम आधी समजून घेतले पाहिजे. उत्तम प्रतीची काठी अखंड वेळूची नसते. वेळू चिरून काढलेल्या सहा त्रिकोणी पट्ट्या सरसाने जोडून ती घडवितात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील कारागीर ह्यासाठी कलकत्त्याहून आलेला भारतीय बांबू वापरीत. विसाव्या शतकात त्याची जागा दक्षिण चीनमधील बांबूने घेतली. जुन्या सरसाचा ओलाव्यात भरवसा नसे. म्हणून थोड्या थोड्या अंतरावर रेशमाचे वेढे देऊन पट्ट्या आवळून धरीत. गळाची दोरी ज्यांतून जाते त्या लहान कड्याही अशाच वेढ्यांनी काठीवर पक्क्या बसवीत व वरून व्हार्निश देत.

दोऱ्याचे वय सांगणारा खरा साक्षीदार म्हणजे रिळाच्या टोकावरील कागदी चिठ्ठी. परदेशी मालावर मूळ देशाचे नाव असावे, असा कायदा अमेरिकेने १८९० मध्ये केला. तेथील मोठ्या शहरांत टपालाचे विभाग-क्रमांक १९४३ मध्ये आले, तर पाच आकडी टपाल-क्रमांक १९६३ मध्ये सुरू झाले. तेव्हा शहराच्या नावापुढे नुसता एक वा दोन आकडी क्रमांक असेल, तर ती चिठ्ठी बहुधा ह्या वीस वर्षांतील समजावी. नायलॉनची घोषणा १९३८ मध्ये झाली. तो शब्द छापलेले रीळ त्यापूर्वीचे असूच शकत नाही. मात्र छापून ठेवलेल्या चिठ्ठ्या पुढेही वापरल्या जात आणि माल दुकानात वर्षानुवर्षे पडून राही. म्हणून ह्या खुणांवरून काळाची मर्यादा कळते, नेमके साल नव्हे.

चिठ्ठी नसेल, तर दोऱ्याचा लहानसा तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहावा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत सहज चुरडते. नायलॉन वितळते व त्याचा कठीण मणी बनतो.

आता मोलाविषयी. उजेड आणि दमट हवा हे रेशमाचे शत्रू होत. त्यामुळे रिळावरचा वरचा थर विटला, तरी आतला ताजा असू शकतो. दोन्ही थरांतील वीतभर दोरा दोन्ही हातांनी ताणून पाहावा. किंचित ताणाने तटकन तुटणारा दोरा कितीही जुना असो, कामाचा नव्हे. त्याचे मोल चिठ्ठी आणि लाकडी रीळ जपणाऱ्या संग्राहकापुरतेच. उलट, मजबूत राहिलेले रेशीम जुन्या काठ्या दुरुस्त करणाऱ्याला हवे असते, कारण जुन्या रंगाशी मेळ घालणारा दोरा सहजी मिळत नाही. पण रंगाचा निर्णय रीळ पाहून करू नये. व्हार्निश मुरताच रेशीम गडद व पारदर्शक होते. पांढरे तर जवळजवळ दिसेनासे होते. म्हणून वेळूच्या निरुपयोगी तुकड्यावर वेढे देऊन, व्हार्निश लावून, वाळल्यावरच रंग जुळवावा.

सर्वांत मोलाचा दोरा मात्र रिळावर नसून काठीवर असतो. वेढ्यांचे रंग, त्यांची संख्या आणि अंतर ह्यांवरून काठी कोणत्या कारागिराची, हे जाणते लोक ओळखू शकतात. वारस हौसेने ती जुनी गुंडाळी खरवडून नवा झळझळीत दोरा चढवितात, आणि काठीची ओळख पटविणारा पुरावा काही मिनिटांत नाहीसा होतो. संग्राहक मूळ वेढ्यांना अधिक मान देतात, ते ह्याचसाठी. वेढा सुटलाच असेल, तर आधी छायाचित्र घ्यावे, अंतरे मोजावी, रंग टिपून ठेवावे आणि सुटला असेल तेवढाच भाग बदलावा. नवे रेशीम केव्हाही आणता येते. उसकटून टाकलेली खूण पुन्हा आणता येत नाही.